पकडले जाणारच नसू, तर न्यायाने का वागायचं? प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेटो किंवा अ‍ॅरिस्टॉटल वाचायला घेतलेल्या मराठी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचले तर उत्तम, मधूनच एखादा उचलला तरी अडणार नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. ग्रीक ‘न्याय’ म्हणतात तेव्हा ते कोर्टकचेरीबद्दल बोलत असतात का?

थोडंफार. ‘डिके’ हा जुना शब्द खटला, निवाडा, शिक्षा या सगळ्यांसाठी चालायचा. डिके नावाची देवताही होती, झ्यूसची मुलगी. पण तत्त्वज्ञ ज्यावरून हमरीतुमरीवर येतात तो शब्द ‘डिकाइओसिने’. हे माणसाच्या अंगच्या गुणाचं नाव आहे. ‘माणूस सचोटीचा आहे, कुणाचं खाणार नाही’ असं आपण म्हणतो, त्याच्या जवळचं. याच्या उलट दुर्गुणाला ते ‘प्लेओनेक्सिया’ म्हणत, म्हणजे आपल्या वाट्याला येतं त्याहून जास्त ओढून घ्यायची खोड. दरवर्षी वीतभर बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला हा शब्द चपखल बसतो.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात दोन अर्थ वेगळे केले. मोठा अर्थ म्हणजे दुसऱ्यांशी वागताना लागणारा सगळाच सद्गुण. लहान अर्थ म्हणजे वाटणीत आणि देवघेवीत आपल्यापुरतंच घेणं. मराठीत ‘धर्म’ हा शब्द वापरायचा मोह होतो. पण त्याच्यामागून वर्ण, आश्रम, मोक्ष असं सगळं लटांबर येतं, म्हणून मी ‘न्याय’च ठेवतो.

२. ‘पकडले जाणार नसू तर न्यायाने का वागायचं’ हा प्रश्न प्लेटोने काढला का?

नाही, तो त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून होता आणि सुरुवात झाली भाऊबंदकीत. हेसिओड नावाचा शेतकरी कवी इ.स.पू. 700च्या आसपास होऊन गेला. त्याच्या भावाने, पर्सेसने, वडिलार्जित जमिनीत जास्तीचा वाटा लाटला, आणि ‘भेटी गिळणाऱ्या’ सरदारांनी निवाडा त्याच्या बाजूने दिला. त्यावर हेसिओडने भावाला उद्देशून आख्खं काव्य लिहिलं. त्यात बहिरी ससाण्याने नखांत धरलेल्या बुलबुलाची गोष्ट आहे. ससाणा म्हणतो, रडून काय उपयोग, मी बलवान आहे, खाईन नाहीतर सोडीन. हेसिओडचं उत्तर असं की मासे, श्वापदं आणि पक्षी एकमेकांना खातात कारण त्यांच्याकडे डिके नाही. माणसाला ती झ्यूसने दिली आहे, आणि तो वरून बघतो आहे.

‘वरून बघतो आहे’ यावरच पुढे सगळं बिनसलं. लबाड माणसं सुखाने म्हातारी होताना लोकांना दिसत होती. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या एका नाटकाचा तुकडा शिल्लक आहे. तो कुणी क्रिटियसचा मानतं, कुणी युरिपिडीसचा. त्यातलं पात्र म्हणतं की कायद्याला भिऊन लोक उघड गुन्हे करेनात पण लपूनछपून करत राहिले, तेव्हा कुणा हुशार माणसाने देव शोधून काढले. म्हणजे देव हा न झोपणारा पहारेकरी, आणि तोही बनवलेला! पहारेकरीच काढून घेतला तर काय उरतं, हा प्रश्न मग टाळता येईना.

३. मग लोकांना धरून ठेवणारं दुसरं काहीच नव्हतं? लाज वगैरे?

होतं. प्रोटागोरस या सोफिस्टाच्या, म्हणजे पैसे घेऊन शिकवणाऱ्या फिरत्या शिक्षकाच्या, तोंडी प्लेटोने एक सुंदर कथा घातली आहे. माणसांकडे आग होती, हुन्नर होते, पण एकत्र राहायला लागली की एकमेकांचे गळे धरायची. झ्यूसने आपला निरोप्या हर्मिस याच्याबरोबर दोन गोष्टी पाठवल्या, ‘आयडोस’ म्हणजे लाज आणि ‘डिके’. हर्मिसने विचारलं, वैद्यकीसारखं एखाद्यालाच देऊ की सगळ्यांना? झ्यूस म्हणाला, सगळ्यांना. मूठभरांकडेच राहिली तर गावं टिकणार नाहीत.

आता ही लाज कुणाची? आपल्याकडे ‘जनाची नाही तर मनाची तरी’ म्हणतात. पाचव्या शतकातल्या दोन ग्रीकांनी ही म्हण अगदी मधोमध चिरली आहे. अँटिफॉनच्या लेखनाचे तुकडे इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या पपायरसांत सापडले. तो सांगतो, साक्षीदार असतील तेव्हा कायदा पाळावा आणि एकटे असताना निसर्गाचं ऐकावं, त्यात स्वतःचा फायदा आहे. म्हणजे फक्त जनाची. अणूंबद्दल बोलणारा डेमॉक्रिटस उलट सांगतो की इतरांपेक्षा स्वतःचीच लाज जास्त बाळगावी, आणि कुणाला कळणार नाही म्हणून वाईट करू नये. म्हणजे मनाची. या पानावरचा पुढचा जवळजवळ सगळा वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालतो, असं माझं मत आहे.

४. थ्रॅसिमॅकस म्हणजे ‘बळी तो कान पिळी’च ना?

वर्गात असंच सांगतात, पण पुरतं बरोबर नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादाच्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस हा सोफिस्ट म्हणतो की न्याय म्हणजे बलवानाचं हित. त्याचा अर्थ असा की सत्तेवर जो असेल तो आपल्या सोयीचे कायदे करतो, लोकशाही आपले, हुकूमशहा आपले, आणि मग ते पाळण्याला ‘न्याय’ असं गोंडस नाव देतो. तेव्हा जो न्यायाने वागतो तो दुसऱ्याचं भलं करून स्वतः नागवला जातो. बळी कान पिळतोच, वर आपला कान पुढे करणं हा सद्गुण आहे असंही शिकवतो.

प्लेटोच्याच ‘गॉर्जियस’ संवादातला कॅलिक्लीस याच्या उलट टोकाला आहे. त्याच्या मते कायदे दुबळ्यांनी रचले, दांडग्यांना वेसण घालायला. एकासाठी कायदा बलवानाचं हत्यार, दुसऱ्यासाठी दुबळ्यांचं. निष्कर्ष मात्र एकच, शहाण्याने त्यात अडकू नये. हे हवेतलं बोलणं नव्हतं. इ.स.पू. 416मध्ये अथेन्सने मेलॉस बेट घेतलं, पुरुषांना ठार केलं, बायकामुलांना गुलाम केलं. त्याआधीच्या वाटाघाटींत अथेन्सचे दूत न्यायाचा विषयच काढू देत नाहीत, असं इतिहासकार थ्युसिडिडीसने रंगवलं आहे.

थ्रॅसिमॅकसला सॉक्रेटिसने (प्लेटोचा गुरू, ‘रिपब्लिक’मधला मुख्य बोलणारा) दिलेलं, मला सर्वांत आवडणारं उत्तर साधं आहे. दरोडेखोरांच्या टोळीलासुद्धा काम तडीस न्यायचं तर आपसात न्याय पाळावा लागतो. लूट वाटताना मारामारी झाली की टोळी संपली. हा मुद्दा प्रश्न ७ मध्ये पुन्हा येईल, टोळीच्या जागी माणसाचं मन घालून.

५. ‘रिपब्लिक’मधली अंगठीची गोष्ट नेमकी काय आहे?

लिडियाच्या राजाकडे एक मेंढपाळ होता. वादळ झालं, भूकंपाने जमीन दुभंगली. तो खाली उतरला. आत एक पोकळ पितळी घोडा होता, त्याला छोट्या खिडक्या, आणि आत माणसापेक्षा मोठ्या आकाराचं प्रेत. प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी, बाकी काही नाही. ती घेऊन तो वर आला. मेंढपाळांच्या बैठकीत बसल्या बसल्या त्याने खडा तळहाताकडे फिरवला आणि लोक त्याच्याबद्दल असे बोलू लागले जणू तो उठून गेला आहे. खडा बाहेर फिरवला की पुन्हा दिसू लागला. दोन-तीनदा करून पाहिलं. मग राजाकडे जाणाऱ्या माणसांत स्वतःची वर्णी लावून घेतली, राणीला वश केलं, तिच्या मदतीने राजाला मारलं आणि गादीवर बसला.

ही ‘गायजीसची अंगठी’ म्हणून ओळखली जाते, जरी ‘रिपब्लिक’च्या हस्तलिखितांत तो गायजीसचा पूर्वज आहे. इतिहासकार हिरोडोटसकडेही गायजीस राणीच्या संगनमताने राजाला मारतो, पण तिथे अंगठी नाही. उलट मूर्ख राजाच त्याला दाराआड लपवून आपल्या बायकोचं रूप दाखवतो, आणि तिला ते कळतं. एका गोष्टीत दिसल्यामुळे घोटाळा, दुसरीत न दिसल्यामुळे. प्लेटोने हे ठरवून केलं असावं असं मला वाटतं.

गोष्ट सांगतो ग्लॉकॉन, प्लेटोचा सख्खा भाऊ. त्याचं म्हणणं, अशा दोन अंगठ्या एका सज्जनाला आणि एका दुर्जनाला दिल्या तर दोघं एकाच वाटेने जातील. पुढे तो आणखी पीळ घालतो. पूर्ण अन्यायी माणूस घ्या, ज्याची ख्याती न्यायी म्हणून आहे. आणि पूर्ण न्यायी माणूस घ्या, ज्याला सगळे लबाड समजतात, फटके मारतात, डोळे काढतात, सुळावर चढवतात. आता सांगा, यांतला सुखी कोण?

६. अशी अंगठी नसतेच. मग त्यावर डोकं कशाला फोडायचं?

ही तक्रार दोन हजार वर्षं जुनी आहे. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. 44मध्ये मुलासाठी लिहिलेल्या ‘दे ऑफिकीस’मध्ये अशा तक्रारखोर तत्त्वज्ञांची ‘माणसं भली, पण फारशी तल्लख नाहीत’ अशी संभावना केली आहे. अंगठी खरी आहे का हा प्रश्नच नाही. पकडले जाण्याची भीती हिशेबातून वजा केली की तुम्ही काय कराल, एवढंच विचारलं आहे. सीसीटीव्ही बंद असतो तेव्हा अंगठी बोटात असतेच.

७. बरं, प्लेटोचं उत्तर काय?

न्याय ही मनाची प्रकृती आहे, जसं आरोग्य ही शरीराची. इथवर यायला त्याला तीन भाग लागतात, कारण आधी तो आख्खं नगर उभारतो. पण गाभा असा. माणसाच्या मनात तीन जण राहतात. विचार, वासना, आणि तिसरा ‘थ्युमॉस’. थ्युमॉस म्हणजे राग, ईर्षा, मानापमान यांचं घर. मराठीत ‘पाणी’ म्हणतो तेच, ‘त्याच्यात पाणी आहे’ या अर्थी.

तिसरा वेगळा कशावरून? लिओंटियसची गोष्ट ऐका. पिरियस बंदराहून वर येताना तटाच्या बाहेर त्याला वधस्तंभाजवळ पडलेली प्रेतं दिसली. बघावंसं वाटे आणि किळसही येई. तोंड झाकून झगडत राहिला. शेवटी हरला, डोळे फाडून प्रेतांकडे धावला आणि स्वतःच्या डोळ्यांना म्हणाला, ‘घ्या मेल्यांनो, पोटभर बघा!’ त्याचा राग वासनेवर होता, म्हणून राग आणि वासना एक असू शकत नाहीत.

विचाराने चालवावं, थ्युमॉसने त्याला साथ द्यावी, वासनेने आपल्या जागी राहावं, म्हणजे तो माणूस न्यायी. अन्याय म्हणजे आतलं बंड. टोळीचं जे होतं (प्रश्न ४) तेच एकट्या माणसाचं होतं. अंगठीवाला राजा झाला खरा, पण त्याच्या आत गादीवर कोण बसलंय? नवव्या भागात हुकूमशहाचं वर्णन येतं. कुणावर विश्वास नाही, घराबाहेर मोकळं फिरता येत नाही, एक वासना भागली की दुसरी तोंड वासते. प्लेटो हिशेब करून सांगतो की राजा हुकूमशहापेक्षा 729 पटींनी सुखाने जगतो. नवाचा घन. हे त्याने कितपत गंभीरपणे लिहिलं कोण जाणे, पण आकडा दिलाय.

८. पण आतून शिस्तशीर असलेला माणूस बाहेर चोरी का करणार नाही? शांत डोक्याने घोटाळे करणारे असतातच की.

पत्रांतला हा सर्वांत चांगला प्रश्न, आणि प्लेटोचं सर्वांत दुबळं ठिकाण. ग्लॉकॉनने विचारलं होतं चारचौघांतल्या न्यायाबद्दल: ठेव परत करणं, शपथ पाळणं, देवळं न लुटणं. प्लेटोने उत्तर दिलं मनाच्या घडणीबद्दल. या दोघांना जोडायला तो चौथ्या भागात एवढंच म्हणतो की असा माणूस विश्वासाने ठेवलेलं सोनं-चांदी गिळंकृत करेल असं कुणाला तरी वाटेल का?

प्लेटोच्या बाजूने बोलायचं तर, घोटाळेबाजाचं डोकं शांत असेल, पण ते पैशाची चाकरी करतं. प्लेटोच्या भाषेत तिथे विचार मालक नसून वासनेचा मुनीम आहे. खऱ्या अर्थाने विचाराच्या ताब्यात असलेल्याला दुसऱ्याच्या ठेवीची हावच सुटत नाही. मला हे अर्धंच पटतं. पैशाची हाव नसलेला, पण एखाद्या उदात्त योजनेसाठी लोकांना चिरडणारा माणूस यातून निसटतो, आणि तशी माणसं जगाने पाहिली आहेत.

९. स्वतःच्या सुखासाठी न्यायाने वागायचं, हा शेवटी स्वार्थच नाही का?

‘सुख’ या भाषांतराने घोळ होतो. ग्रीक शब्द ‘युडाइमोनिया’, म्हणजे आयुष्याचं सोनं होणं. न्याय करून पुढे ते मिळवायचं असं नाही, न्यायाने जगणं त्याचाच भाग आहे. गवई गाण्याच्या आनंदासाठी गातो म्हणून त्याला आपण स्वार्थी म्हणत नाही.

१०. अ‍ॅरिस्टॉटल अंगठीबद्दल काय म्हणतो?

‘एथिक्स’मध्ये तो तिच्यावर वेळ घालवत नाही. ज्याला ‘का’ विचारावं लागतं त्याचं शिक्षण बिघडलंय, असा त्याचा एकंदर सूर आहे. न्यायाची कामं करत करत माणूस न्यायी होतो, जसा वाजवत वाजवत वादक. आणि न्यायाने वागताना ज्याला बरं वाटत नाही, तो अजून न्यायी झालाच नाही. दात-ओठ खाऊन पैसे परत करणारा त्याच्या लेखी अर्ध्या वाटेवर आहे. शेवटच्या भागात मात्र तो जमिनीवर येतो. बहुतेक लोक लाजेपेक्षा भीतीला आणि शिक्षेला जास्त जुमानतात, म्हणून चांगले कायदे हवेत. म्हणजे थोड्यांना मनाची, बाकीच्यांना जनाची (प्रश्न ३).

११. नियम पाळल्यानेच अन्याय होत असेल तर? वेड लागलेल्या मित्राची तलवार परत करायची का?

तलवारीचं उदाहरण सॉक्रेटिसचं. ‘रिपब्लिक’च्या सुरुवातीला म्हातारा सेफलस म्हणतो की न्याय म्हणजे खरं बोलणं आणि घेतलेलं परत देणं. त्यावर सॉक्रेटिस विचारतो की शुद्धीत असताना मित्राने शस्त्र ठेवायला दिलं आणि भ्रमिष्ट झाल्यावर मागितलं तर? सेफलस हसून पूजेला निघून जातो. कठीण प्रश्नावर वडीलधारी मंडळी तेव्हाही हेच करत.

पद्धतशीर उत्तर अ‍ॅरिस्टॉटलने दिलं. कायदा सरसकट बोलतो आणि प्रसंग सरसकट नसतात. तेव्हा कायदा करणारा इथे असता तर त्याने काय म्हटलं असतं, ते ओळखून दुरुस्ती करायची. या गुणाला तो ‘एपिएइकेइया’ म्हणतो. त्याचा दाखला गवंड्यांचा आहे. लेस्बॉसच्या बांधकामात शिशाची पट्टी वापरत. ती ताठ राहत नसे, दगडाच्या आकाराप्रमाणे वाके.

१२. एपिक्युरसच्या मते न्याय म्हणजे फक्त करार. मग गुपचूप करार मोडायला काय हरकत?

त्याचं उत्तर मराठीत तीन शब्दांत आहे: चोराच्या मनात चांदणं. न्याय म्हणजे ‘मी तुला इजा करत नाही, तू मला करू नकोस’ एवढा करार, हे तो उघड सांगतो. अन्याय स्वतःहून वाईट नाही, वाईट आहे ती उघडकीला येण्याची धास्ती. दहा हजार वेळा निसटलात तरी मरेपर्यंत खात्री नाही. आणि ज्याचं सगळं तत्त्वज्ञान मनाची शांती हेच आहे, त्याला हा सौदा आतबट्ट्याचा.

मग अंगठी मिळाली तर? तिने धास्तीच जाते. एपिक्युरसचा दुसरा बचाव असा की शहाण्याच्या गरजाच भाकरी, पाणी आणि मित्र इतक्या थोड्या असतात, चोरायचं काय? तरी त्याच्या मनात शंका होती. कायद्याने मना केलेलं काम कळणार नाही अशी खात्री असेल तर शहाणा करेल का, यावर त्याने ‘सरळ हो-नाही सांगणं सोपं नाही’ अशा अर्थाचं लिहिल्याचं नंतरचा लेखक प्लुटार्क खवचटपणे नोंदवतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

१३. स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ अनोळखी माणसाशीही न्यायाने वागायला सांगतात. कशाच्या जोरावर?

आपलेपणाच्या. जन्मलेलं मूल आधी स्वतःला जपतं, मग आईबापाला आपलं मानतं, आणि बुद्धी पिकत जाते तसा हा आपलेपणा पसरतो. हायरोक्लीस या स्टोइकाने याचं वर्तुळांत वर्तुळं असं चित्र काढलं: मी, घर, नातलग, गाव, देश, मनुष्यजात. बाहेरचं वर्तुळ आत ओढत राहायचं, अगदी नात्याचे शब्द वापरून. चुलत भावाला भाऊ म्हणायचं, काकाला वडील. मराठी माणसाला हे शिकवायला नको, आपण रिक्षावाल्यालाही ‘दादा’ म्हणतो. मीटरबद्दलची भांडणं तरीही होतात.

व्यवहारात आले की स्टोइकांतही फूट पडते. र्‍होड्समध्ये दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी गलबतं येताहेत हे त्याला ठाऊक आहे, गावाला नाही. सांगावं की चढ्या भावाने विकावं? बॅबिलॉनचा डायोजिनीस म्हणतो, खोटं बोलू नकोस, पण जे कायदा सांगायला लावत नाही ते न सांगणं म्हणजे फसवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग, ती तुझीच माणसं आहेत. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो.

१४. न्यायाच्या बाजूने आणि विरुद्ध, अशा दोन्ही बाजूंनी भाषण करणारा तो तत्त्वज्ञ कोण?

कार्निअडीस. इ.स.पू. 155मध्ये अथेन्सला झालेला 500 टॅलंटचा दंड कमी करून घ्यायला तीन तत्त्वज्ञ रोमला गेले, त्यांतला हा एक. परंपरेप्रमाणे त्याने एक दिवस न्यायाच्या बाजूने भाषण केलं, दुसऱ्या दिवशी विरुद्ध. रोम न्यायाने वागायचं म्हणेल तर जिंकलेलं सगळं परत करून झोपड्यांत राहायला जावं लागेल, हा त्यातला टोला. जहाज फुटलंय, फळी एकच, तिला चिकटलेला माणूस तुमच्याहून अशक्त आणि बघायला कुणी नाही, हा दुसरा. तरणी पोरं खुळावली. म्हाताऱ्या केटोने, रोमच्या सनातनी पुढाऱ्याने, या पाहुण्यांचं काम लवकर उरकून त्यांना घरी पाठवायची घाई केली.

१५. कायदा पाळणं हाच न्याय असेल तर सॉक्रेटिसने हुकूम का मोडला? आणि नंतर तुरुंगातून का पळाला नाही?

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की विसंगती दिसते खरी. इ.स.पू. 404 मध्ये अथेन्सवर राज्य करणाऱ्या तीस जुलमी शासकांनी त्याला इतर चौघांबरोबर सलामिसच्या लिऑनला मारण्यासाठी पकडून आणायला सांगितलं. चौघं गेले, सॉक्रेटिस घरी गेला. इ.स.पू. 399 मध्ये त्यालाच मृत्युदंड झाला. त्याचा मित्र क्रिटो याने पळून जायची तयारी केली, आणि हा म्हणाला नाही. धागा एकच आहे: अन्याय सोसावा, करू नये, अन्यायाची परतफेडही अन्यायाने करू नये. लिऑनला पकडणं म्हणजे अन्याय करणं. विष पिणं म्हणजे सोसणं.

त्याच राजवटीने पोलेमार्कसला खटल्याशिवाय मारलं. मालमत्तेसाठी. सेफलसचा हा मुलगा, आणि ‘रिपब्लिक’मधली सगळी चर्चा याच्याच घरी घडते. त्या तिसांचा पुढारी क्रिटियस प्लेटोच्या आईच्या नात्यातला. हे माहीत असून पहिला भाग पुन्हा वाचून बघा.

१६. एवढं न्यायाबद्दल बोलणारे हे लोक गुलाम कसे ठेवायचे?

ठेवायचे. पोलेमार्कसच्या घराची ढालींची कार्यशाळा होती आणि तीस शासकांनी त्या घरातून नेलेल्यांत 120 गुलाम होते. अ‍ॅरिस्टॉटलने गुलामगिरीचं समर्थन केलं, पण तोच नोंदवतो की काही जण तिला निसर्गाविरुद्ध मानतात. म्हणजे ‘तेव्हा कुणाला सुचलंच नव्हतं’ ही सबब चालणार नाही. एपिक्युरसच्या बागेत बायका आणि गुलाम शिकायला बसत, एवढं त्याच्या खात्यावर जमा.

१७. सामान्य अथेन्सवासीयाला न्यायी माणूस खरंच आवडायचा का?

प्लुटार्कची गोष्ट देतो. अथेन्समध्ये हद्दपारीचं मतदान होई. खापरीवर नाव कोरायचं, आणि ज्याचं नाव निघेल त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. इ.स.पू. 482च्या सुमारास असं मतदान चालू असताना एक अडाणी खेडूत शेजारच्या माणसाकडे आपली खापरी देऊन म्हणाला, यावर अ‍ॅरिस्टायडीसचं नाव घाल. तो शेजारी स्वतः अ‍ॅरिस्टायडीसच होता, ज्याला सगळे ‘न्यायी’ म्हणत. त्याने विचारलं, तुझं काय वाईट केलंय त्याने? खेडूत म्हणाला, काही नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण जिकडेतिकडे ‘न्यायी, न्यायी’ ऐकून कान किटले.

अ‍ॅरिस्टायडीसने काही न बोलता आपलं नाव कोरलं आणि खापरी परत दिली.